बंदच्या दिवशी ऐकलेली फ्रेंच

त्या खोलीत तेरा खुर्च्या, दोन लांब टेबलं, तीन पंखे आणि भिंतीवर माझ्या हाताने लिहिलेल्या चार याद्या होत्या. खोली सुरतेच्या लिंबायतमध्ये, पहिल्या मजल्यावर. खाली साड्यांच्या लेसचं गोदाम. समोर कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने, मागे लूमचे कारखाने, शेजारच्या भिंतीपलीकडेही लूमच. जिना अरुंद, पायऱ्या उंच. खाली तीन कामं साठल्याशिवाय उतरायचं नाही, असा नियम मी स्वतःला घालून दिला होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी गुडघे असे नियम करायला लावतात.

एका टेबलावर जमीन होती, दुसऱ्यावर फ्रेंच.

जमिनीच्या टेबलावर उपग्रहाने वरून काढलेले फोटो यायचे, चौकोन पाडून. प्रत्येक चौकोनात काय आहे ते रंगाने भरायचं: पाणी, झाडं, पीक, घरं-रस्ते, उघडी जमीन. फ्रेंचच्या टेबलावर आवाज यायचे. तिकडची साधी माणसं घरी, दुकानात, कामावर बोलत असताना भरून घेतलेले. आमच्यातल्या एकीलाही फ्रेंच येत नव्हती आणि यायची गरज नव्हती. काय बोललं ते लिहून काढणारे तिकडे होते. आम्ही फक्त खुणा करायच्या. माणूस कुठे बोलायला लागलं, कुठे थांबलं, कोण बोललं, आणि त्याच्या मागे काय वाजतंय. परदेशातल्या कुठल्या तरी विद्यापीठात संशोधनासाठी हे जमा होत होतं. दोन्ही कामं त्यांचीच, आणि ती आमच्यापर्यंत कशी आली ते साहेबांना माहीत.

साहेब म्हणजे तिशीतला गुजराती मुलगा. तापीच्या पलीकडे राहायचा. आठवड्यातून दोनदा यायचा, मला "बेन" म्हणायचा आणि खुर्चीवर न बसता बोलायचा. खोली चालवायची मी. त्याआधी वीस वर्षं मी एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात माल तपासून रजिस्टर ठेवलं होतं. साडी हातात घेतली की सुटलेला टाका कुठे आहे ते मला बोटांना कळायचं. साहेबांना तेवढं पुरेसं वाटलं. त्यांनी मला तपासनीस केलं. बारा जणींनी केलेलं काम माझ्याकडे यायचं, मी बघायची, ऐकायची आणि बरोबरची खूण करून पुढे पाठवायची.

फ्रेंचच्या टेबलावर सहा जणी होत्या. त्यातली एक माझी वहिनी, मोठ्या भावाची बायको. पन्नाशीची. लग्न होऊन खानदेशातून सुरतेला आली तेव्हापासून घरात जमिनीवर बसून साड्यांवर टिकल्या चिकटवत होती. मान वाकलेली, पाठ वाकलेली, आणि त्या चिकटवायच्या द्रवाच्या वासाने लागलेला खोकला. डॉक्टरने सांगितलं होतं की हे काम बंद करा. डॉक्टरचं म्हणणं बरोबर होतं, पण दुसरं काम त्याने सांगितलं नव्हतं. भावाला लूमवर तीस वर्षं झाली होती आणि कानांनी आता दगा द्यायला सुरुवात केली होती. तेव्हा मी वहिनीला या खोलीत आणलं. आधी जमिनीच्या टेबलावर बसवलं, पण बारीक चौकोन बघून तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मग फ्रेंचकडे दिलं.

पहिल्या दिवशी ती खुर्चीवर मांडी घालून बसली. दुसऱ्या दिवशी पाय खाली सोडले. आठवड्याभराने माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, कामाच्या जागेला खुर्ची असती, हे मला पन्नास वर्षं कोणी सांगितलंच नही."

खोकला दोन महिन्यांत उतरला. मी तारीख वहीत लिहून ठेवली होती.

मी चुका पकडण्यात चांगली आहे असं मला वाटायचं, आणि त्याला एक कारण घडलं होतं. जमिनीच्या टेबलावरच्या चौघी आमच्या खानदेशातल्या. एकदा फोटोत लांबलचक, पांढुरकी, कोरडी नदी आली. चौघींनीही तिला निळा रंग भरला. पाणी.

"यात पाणी कुठंय?" मी विचारलं.

"नदी शे ना ती."

"नदी आहे, पण कोरडी. वाळू आहे. उघडी जमीन भरायची."

"बाई, पावसात येईल ना पाणी. आमच्या गावची नदी बी आठ महिने अशीच राहाते. म्हणून काय तिला वावर म्हणायचं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि भिंतीवरच्या यादीत नववा नियम लिहिला: नदी कोरडी दिसली तर पाणी नाही, उघडी जमीन. आपल्या गावाच्या डोळ्याने बघायचं नाही, फोटोत दिसेल तेच भरायचं. साहेबांनी त्या ओळीचं कौतुक केलं. मला ते आवडलं, हे लिहायला हरकत नाही.

फ्रेंचची यादीही मीच केली होती. मूळ सूचना इंग्रजीत होत्या, साहेबांनी त्या हिंदीत सांगितल्या, मी मराठीत उतरवल्या. 'मागे काय वाजतंय' या सूचनेखाली उदाहरणं हवी होती, म्हणून मी टेबलावरच्या सगळ्यांना कळतील अशी घातली: गाडी, हॉर्न, कुत्रा, टीव्ही, गाणं, कुकरची शिट्टी, लहान मूल, भांडी. आणि शेवटी: यातलं काहीच नसेल तर 'शांत'.

त्या महिन्यात एका धोबीखान्यातल्या दोन बायकांचे आवाज येऊ लागले. धोबीखाना हे साहेबांनी सांगितलं, मोठमोठ्या मशिनींत कपडे धुण्याचं दुकान. इतर पाच जणींना ते आवाज कंटाळवाणे वाटायचे, कारण त्या दोघी तासन्‌तास बोलायच्या आणि हसायच्या फार कमी. वहिनीने ते सगळे आपल्याकडे घेतले. एकीचा आवाज भरदार, ती 'जाडी'. दुसरीचा चिरका, ती 'बारीक'. वहिनी त्यांना प्रत्यक्ष ओळखत असल्यासारखी बोलायची.

"आज बारीक रुसली."

"तुम्हाला काय कळतं, वहिनी?"

"त्याला भाषा कसाला लागते? जाडी दहा वाक्यं बोलली, अन्‌ बारीकने एक बोल दिला नही. मग काय, रुसलीच ना?"

जेवायच्या सुट्टीत सगळ्या विचारायच्या, आज जाडीने काय केलं. वहिनी डबा उघडत सांगायची. त्यातलं खरं किती आणि तिचं किती, ते कोणाला ठाऊक. पण तिच्या खुणा नेमक्या असायच्या. श्वास घेतला तिथे थांबायची, दोघी एकाच वेळी बोलल्या तिथे दोन्ही पट्ट्या वेगळ्या काढायची. मी तपासायची आणि पुढे पाठवायची.

एका सोमवारी साहेब आला आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसला.

"बेन, फ्रेंचवाळुं नापास थयुं छे."

जमिनीचं काम पास झालं होतं. फ्रेंचच्या त्या महिन्यातल्या निम्म्याहून जास्त फायली परत आल्या होत्या. दहा दिवसांत पुन्हा करून द्या, आणि ज्या तिघींचं काम सगळ्यात वाईट आहे त्यांना कमी करा, असं लिहून आलं होतं. सोबत सहाही जणींचा क्रम. सगळ्यात खाली वहिनी.

"चूक काय आहे?" मी विचारलं.

"पाछळनो अवाज. बधे 'शांत' लख्युं छे."

"मागे काहीच वाजत नाही. शांतच आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या संगणकावर धोबीखान्याची एक फाईल लावली, हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, काढला आणि माझ्या हातात दिला. "बेन, मशीन चाले छे. केटलुं मोटुं! तमने संभळातुं नथी?"

मी डोळे मिटून ऐकलं. जाडी बोलत होती, मग बारीक बोलली. पुन्हा जाडी. मागे काही नव्हतं. मी आवाज वाढवला. बायका मोठ्याने बोलायला लागल्या, एवढंच.

"मला दोन बायका ऐकू येतायत," मी म्हणाले.

तो हसला नाही. ते मला जास्त लागलं. "तीन नाम आपजो, बेन. शुक्रवार सुधी," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मी वही काढली. डाव्या बाजूला सहा नावं लिहिली, उजव्या बाजूला कोण घरी काय करते, कोणाला दुसरं काम मिळू शकतं, कोणाचं काय दुखतं. दोन नावांपुढे खूण करणं जमलं. दोघी तरुण होत्या, शिवणकाम येत होतं, त्यांना वाईट वाटलं असतं आणि मग त्यांनी दुसरं काम शोधलं असतं. तिसरं नाव क्रमात सगळ्यात खाली होतं. त्याच्यापुढे पेन टेकवून मी बराच वेळ बसले. वहिनी घरी गेली असती तर टिकल्यांच्या परातीपुढेच बसली असती. तिला दुसरीकडे कोण घेणार होतं?

मंगळवार, बुधवार मी त्या फायली पुन्हा ऐकल्या. मागे मशीन आहे हे माहीत असूनही ऐकू येईना. वाटलं, भावासारखे माझेही कान गेले. तशी नोंदही मी केली: कान तपासून घेणे. त्याच्या खाली: डाळ, साबण, गॅसवाल्याला फोन.

गुरुवारी आमच्या भागातल्या लूमचा बंद. सुरतेत भागाभागाचा बंदचा वार वेगळा असतो, आमचा गुरुवार. त्या दिवशी खोलीही बंद असायची, कारण बहुतेक जणींचे नवरे लूमवर आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी बायकांना घरी दुप्पट काम. मी मात्र किल्ली घेऊन गेले. नावांची यादी घरी होत नव्हती. वहिनीलाही बोलावलं. तिला काही सांगितलं नव्हतं. एकदा तिला शेजारी बसवून तिचं काम बघावं आणि मग ठरवावं, असा माझा बेत होता.

ती आली ती कुरकुरत. "यांचा एक दिवस सुट्टीचा, अन्‌ तुम्ही मला खुर्चीवर बसवलं. घरी तिकडं तुमचा भाऊ ओरडी राह्यना, चहा दे, चहा दे. मी गेलेली त्याला ऐकूच नही आली."

"बसा. धोबीखान्याची एखादी फाईल लावा."

तिने हेडफोन लावला. मी पलीकडे वही उघडली. अर्धं मिनिट झालं असेल.

"व माय," वहिनी म्हणाली.

मी वर बघितलं. तिने हेडफोन काढला, कानाकडे धरला, पुन्हा लावला. मग तिने खिडकीकडे बघितलं. गल्ली बंद होती. समोरच्या कारखान्याचं शटर खाली होतं आणि एक माणूस पायरीवर बसून दाढी करत होता. त्याच्या वाटीत ब्रश ढवळल्याचा आवाज वर येत होता.

"ताई, जाडीच्या मागे हे काय वाजी राह्यनं?"

मी तिच्या हातातून हेडफोन जवळजवळ ओढून घेतला. जाडी बोलत होती. तिच्या मागे, खाली, सगळीकडे एक मशीन फिरत होती. घर्र-धप्प, घर्र-धप्प. एवढी मोठी की जाडी तिच्यावरून ओरडून बोलत होती. ती सगळा महिना ओरडूनच बोलत होती. आम्हाला ते तिचं साधं बोलणं वाटलं होतं, कारण आमच्या घरी सगळे तसेच बोलतात.

मी खुर्ची ओढून बसले. माझा जन्म इथलाच, लूमच्या गल्लीतला. पाळण्यात होते तेव्हापासून भिंतीपलीकडे मशीन चालत आली आहे. बंद झाली की लहानपणी मी दचकून उठायची आणि आई म्हणायची, काही नाही, लाईट गेली. मशीन चालू असणं म्हणजे सगळं ठीक असणं. तो आवाज मी कधी आवाजात धरलाच नव्हता.

मग मी भिंतीवरची यादी वाचली. गाडी, हॉर्न, कुत्रा, टीव्ही, गाणं, कुकरची शिट्टी, लहान मूल, भांडी. मूळ सूचनेत मशीन असणारच. उतरवताना ती माझ्याकडून सुटली होती. विसरले असंही म्हणता येणार नाही. मशीनला 'वाजणं' म्हणतात हे माझ्या मनात आलं नव्हतं. नदीवरून मी चौघींना शिकवलं होतं की आपल्या गावाच्या डोळ्याने बघायचं नाही. कानाचं मला कोण सांगणार?

"आता काय?" वहिनीने विचारलं.

"आता हे सगळं परत करायचं. पण बंदच्याच दिवशी. बाकीच्या दिवशी खोलीतच मशीन वाजते, फाईलमधली त्यात बुडते."

"म्हणजे पुढचा गुरुवार बी गेला."

"पुढचाही गेला."

"तुमच्या भावाला चहा तुम्ही करून द्या मग," ती म्हणाली आणि हेडफोन लावून बसली.

त्या दिवशी तिने संध्याकाळपर्यंत काम केलं. मी शेजारी बसून तपासलं. एकही खूण बदलावी लागली नाही. दुसऱ्या गुरुवारी सहाही जणी आल्या, डबे घेऊन, दोघींची पोरं घेऊन. पोरांना मी जमिनीच्या टेबलाखाली चटईवर बसवलं आणि गप्प राहायचं सांगितलं. दुपारी ऊन खोलीत आलं, पंख्यांची गरगर ऐकू यायला लागली, तेव्हा मी पंखेही बंद केले. एकमेकींच्या घामाचा वास एकमेकींना येत होता. कोणी हसत नव्हतं. पाच वाजता शेवटची फाईल झाली. माझी मान इतकी आखडली होती की जिना उतरताना मी पायऱ्यांकडे बघू शकत नव्हते. मोजत उतरले.

पण नावांचा प्रश्न राहिलाच होता. मधल्या शुक्रवारी मी साहेबांकडून मुदत मागून घेतली होती. आता काम सुधारून गेलं तरी तीन नावं त्यांना हवीच होती. साहेब त्याच दुसऱ्या शुक्रवारी आला, उभाच राहिला. मी वहीतलं पान फाडून दिलं. त्यावर एकच नाव होतं, माझं.

"आ शुं, बेन?"

मी त्याला भिंतीवरची यादी दाखवली. "हे अक्षर माझं. मशीन लिहायची माझ्याकडून राहिली. आणि परत आलेल्या प्रत्येक फाईलवर बरोबरची खूणही माझीच आहे. सहा जणींनी तेच केलं जे मी लिहिलं. कमी करायचं तर तपासनीस कमी करा."

"पण तमारा वगर कोण चलावशे?"

"चालेल. याद्या भिंतीवर आहेत. त्यात मशीन आता घातली आहे."

मी हे फार मन मोठं करून केलं असं कोणी समजू नये. मी नावं उलटीसुलटी मांडून बघितली होती आणि दर वेळी चूक जिथे होती तिथेच येत होती. शिवाय मी थकले होते. दुसऱ्यांचं काम तपासायचं आणि स्वतःचं कोणी तपासत नाही, या कामाचा मला कंटाळा आला होता.

तिकडून चार दिवसांनी उत्तर आलं. सुधारलेलं काम घेतलं. सहा जणी राहतील, पण पुढची एक खेप नजरेखाली. तपासनीस बदला. साहेबांनी आपली एक चुलत बहीण आणली, नदीपलीकडची. तिचे कान उत्तम होते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली की या खोलीत फार आवाज आहे, इथे माणसं कामं कशी करतात. मग फ्रेंचचं सगळं तपासणं ती आपल्या घरी करू लागली. मला जमिनीच्या टेबलावर खिडकीजवळची जागा मिळाली. पगारातला फरक मी घरी एकदा सांगितला आणि विषय संपला.

वहिनीने माझे आभार मानले नाहीत. उलट मी माझं नाव दिल्याचं तिला कळलं तेव्हा डब्याचं झाकण आपटून म्हणाली, "माझंच नाव द्यायचं होतं ना! एक महिना तरी आराम भेटला असता. आता गुरुवारी बी कानात मशीन वाजती. चहा करताना बी. आधी मला कळत नव्हतं ते बरं होतं."

ते खरं होतं. एकदा कळल्यावर तो आवाज जात नव्हता. माझ्या कानांतूनही गेला नव्हता. इतकी वर्षं जे शांत होतं ते आता दिवसभर डोक्यावर आपटत होतं, आणि घरी परतल्यावर अंग तुटल्यासारखं व्हायचं. कान तपासून घेणे, ही नोंद मी वहीतून खोडली.

दीड-दोन महिन्यांनी, पावसाळा संपल्यावर, मी माझ्या चौकोनांत रंग भरत बसले होते. कुठलं तरी गाव, लाल छपरं, बाजूला पिकाच्या पट्ट्या. फ्रेंचचं टेबल माझ्या पाठीमागे. गल्ली बंद होती. नवी तपासनीस आल्यापासून गुरुवारीही खोली उघडून मागचे आवाज वेगळे ऐकायचे अशी पद्धत लागली होती आणि तो गुरुवारच होता, म्हणजे मशीन बंद, पंखे बंद.

"ताई," वहिनी मागून म्हणाली.

"काय?"

"आज तिसरी फाईल झाली. बारीक एकटीच बोली राह्यनी."

"जाडी सुट्टीवर असेल."

"तिन्ही फायलींत?" तिने फाईल थोडी मागे नेली. "अन्‌ बारीक मध्ये मध्ये थांबती. कोणी बोलावं म्हणून जागा ठेवती. कोणी बोलतच नही."

सगळ्या जणी तिच्याकडे बघत होत्या. मी वळले. वहिनीचा एक हात हेडफोनवर होता, दुसरा माऊसवर. खुर्चीवर पाठ टेकून, पाय खाली सोडून बसली होती. खोकला नव्हता.

"मागे काय आहे?" मी विचारलं. आता ते विचारायचं काम माझं नव्हतं, सवयीने विचारलं.

तिने डोळे मिटून ऐकलं.

"मागे मशीन चालू शे," ती म्हणाली, आणि ते बटण दाबून पुढे गेली. मी माझ्या चौकोनाकडे वळले. अर्धा भरायचा राहिला होता.